स्पितीसाठी एलआर नको, एफआर घ्या

प्रश्न : माझा भाचा हिमबिबट्यांवर काम करणाऱ्या चमूत आहे. जानेवारीत त्याला हिमाचलातल्या स्पितीत, किब्बरच्या बाजूला कॅमेरे लावायचे आहेत. डिसेंबरात जत्रेला घरी येईल तेव्हा दोन ट्रेल कॅमेऱ्यांचे (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे) सेल इथूनच घेऊन जाणार म्हणतो. एका कॅमेऱ्यात आठ, म्हणजे सोळा सेल झाले. म्हापशात एका दुकानदाराने ‘हेवी ड्युटी’ लिहिलेले स्वस्त सेल पुढे केले, दुसऱ्याने अल्कलाइन घ्या म्हटलं, आणि भाचा लिथियमवर अडून बसलाय. लिथियमचा भाव ऐकून मी दुकानातून तसाच परत आलो. खरंच एवढा फरक पडतो का?
— वाचक, केरी (सत्तरी)

उत्तर : भाच्याचं ऐका. बाकी कुठल्याही कामाला मी तुम्हाला लिथियम सेल घ्यायला सांगितलं नसतं, पण स्पितीच्या जानेवारीला दुसरा इलाज नाही. तिकडे रात्री पारा उणे २५ अंशांच्याही खाली जातो.

आधी त्या ‘हेवी ड्युटी’चा निकाल लावू. तो झिंक-कार्बनचा जुना सेल. भिंतीवरच्या घड्याळाला आणि टीव्हीच्या रिमोटला ठीक. नाव भारदस्त असलं तरी या सगळ्यांत दुबळा तोच, आणि थंडीत तर विचारूच नका. दुकानदार काय सांगतो ते सोडून द्या आणि सेलवरची बारीक अक्षरं वाचा. आर ६ म्हणजे झिंक-कार्बन, एलआर ६ म्हणजे अल्कलाइन, एचआर ६ म्हणजे चार्ज करता येणारा निकेल मेटल हायड्राइड, आणि एफआर ६ किंवा एफआर १४५०५ म्हणजे भाच्याला हवा असलेला लिथियम. आकार चौघांचा एकच, पेन्सिल सेलचा. म्हणून तर घोळ होतो.

अल्कलाइन सेलच्या पोटात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाण्यातलं द्रावण असतं. गारठा वाढला की त्यातल्या आयनांची ये-जा मंदावते आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा नुसता दबा धरून असतो तेव्हा त्याला नावापुरताच करंट लागतो, त्यामुळे दिवसभर सगळं ठीक वाटतं. रात्री जनावर समोरून गेलं की इन्फ्रारेडचे दिवे एकदम पेटतात, मोठा करंट ओढला जातो आणि तिथे गारठलेल्या सेलचं व्होल्टेज कोसळतं. मग फोटो काळा येतो किंवा कॅमेरा बंदच पडतो. हिमबिबट्या फिरतो तो मुख्यतः तिन्हीसांजेला, पहाटे आणि रात्री. म्हणजे नेमका हवा तो फोटो जातो.

पटत नसेल तर घरचा फ्रीझर आहेच, तो साधारण उणे १८ अंशांचा असतो. आयटीआयमध्ये शिकवायचो तेव्हा पोरांना हे दाखवायचो, आता निवृत्तीनंतर शेजाऱ्यांना दाखवतो. एक नवा अल्कलाइन आणि एक नवा लिथियम घट्ट बंद पिशवीत घालून रात्रभर बांगड्यांच्या डब्याशेजारी ठेवायचे. (पिशव्या दोन घालायच्या. एक सेलला ओल लागू नये म्हणून, दुसरी घरात भांडण होऊ नये म्हणून.) सकाळी नुसतं मीटर लावलं तर दोन्ही ठणठणीत दिसतात. अल्कलाइन दीड व्होल्टच्या आसपास, लिथियम पावणेदोनच्या जवळ. इथेच लोक फसतात. आता टॉर्चचा छोटा बल्ब जोडा आणि मीटर तसंच राहू द्या. अल्कलाइनचा आकडा बघता बघता खाली घसरतो, बल्बची तार पिवळट होते. लिथियमवर तोच बल्ब पांढरा जळतो आणि आकडा किंचित हलून थांबतो. मग अल्कलाइन अर्धा तास ओट्यावर ठेवून पुन्हा जोडा, बराचसा ताळ्यावर आलेला असतो. सेल मेला नव्हता, गारठला होता. पण किब्बरच्या कड्यावर त्याला ओट्यावर कोण ठेवणार?

लिथियम-आयर्न डायसल्फाइडच्या या सेलमध्ये पाणी नसतंच, सेंद्रिय द्रावक असतो. उणे ४० ते अधिक ६० अंशांपर्यंत तो चालतो असं उत्पादक छापतात. वजनही हलकं, एक सेल सुमारे १५ ग्रॅमचा, तर अल्कलाइन २३-२४ ग्रॅमचा. पाठीवर सामान घेऊन चढणाऱ्याला सोळा सेलांत हा फरक कळतो. खर्चाचं म्हणाल, तर सेल बदलायला बर्फातून एक जादा फेरी मारावी लागली की लिथियमचे पैसे तिथेच वसूल झाले. भारतातल्या हिमबिबट्यांची गणना २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाली, आकडा ७१८. तिच्यासाठी १,९७१ जागी कॅमेरे लावले होते. तेव्हा प्रत्येक फेरीची किंमत काय असते, ते भाच्याच्या वरिष्ठांना विचारा.

आता लिथियमची खोड. त्याचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि मग एकदम पडतं. कॅमेऱ्यावर ‘फुल्ल’ दिसतं आणि पुढच्या आठवड्यात सगळं गप्प. त्या खुणेवर विसंबू नये, किती फोटो निघाले त्यावरून अंदाज बांधावा. मेनूमध्ये बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असेल तर तिथे लिथियम ठेवावं. एका कॅमेऱ्यात जुने-नवे किंवा दोन जातींचे सेल कधीच मिसळू नयेत. दुबळा सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतात आणि तो फुटतो किंवा गळतो.

बाजारात ‘लिथियम’ म्हणून आणखी दोन वस्तू मिळतात, त्या चुकूनही घेऊ नका. एक म्हणजे यूएसबीने चार्ज होणारा दीड व्होल्टचा सेल. त्याच्या आत लिथियम-आयन आणि व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट असतं. थंडीत तो एफआरच्या पासंगालाही पुरत नाही, आणि शून्याखाली चार्ज केला तर आत धातूरूप लिथियमचा थर बसून कायमचा खराब होतो. सोलर पॅनेलवाल्या कॅमेऱ्यांच्या आतल्या बॅटरीलाही हाच धोका. दुसरी वस्तू म्हणजे ३.७ व्होल्टचा १४५०० सेल. दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल. आठही सेल एका माळेत असतील तर बारा व्होल्टच्या जागी तीसच्या आसपास जातील आणि कॅमेरा जळेल.

प्रवासाचं : सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेत न्यावे लागतात. मूळ पाकिटात राहू द्यावेत, म्हणजे टोकं एकमेकांना लागत नाहीत. दाबोळी असो की मोपा, विमान कंपनीला आधी विचारलेलं बरं. हिवाळ्यात कुंझुमचा घाट बंद असतो, त्यामुळे तो शिमला-किन्नौरवरून जाईल. वाटेत सेल मिळतील या भरवशावर राहू नये म्हणावं, चार जास्तीचे न्यावेत.

प्रश्न : नेत्रावळीला आमचं कुळागर आहे. गवेरेडे आणि रानडुकरं येतात म्हणून पोफळीला कॅमेरा बांधलाय. पावसाळ्यानंतर लावलेले सेल बरेच दिवस गेले, पण डिसेंबरात तीन आठवड्यांतच संपले. थंडीमुळेच ना? लिथियम घालू का?
— वाचक, नेत्रावळी (सांगे)

उत्तर : नाही हो! आपल्याकडे पहाटे शाल लागली की माणसं थंडीच्या नावाने ओरडतात, पण आतल्या भागातही पारा पंधराच्या आसपास राहतो. अल्कलाइन सेलला ती हवा मानवते. चोर दुसरीकडे शोधा.

डिसेंबरात गोव्याची रात्र पावणेतेरा तासांच्या आसपास असते, जूनमध्ये अकराची. तेवढा जास्त वेळ इन्फ्रारेडवर काम चालतं. त्यातून तुम्ही व्हिडिओ ठेवला असेल तर दर वेळी दिवे पूर्ण क्लिपभर जळत राहतात. फोटोवर आणा. मग कॅमेऱ्यासमोर काय आहे ते बघा. माझा संशय केळीच्या पानावर आहे. सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो, आणि उन्हाने तापलेलं पान वाऱ्याने हललं की त्याला वाटतं जनावर आलं. कार्डावर रिकामे फोटो शेकड्यांनी असतील तर खात्री झाली. पान छाटा, कॅमेरा उत्तरेकडे तोंड करून बांधा आणि सेन्सरची तीव्रता कमी करा.

तुम्हाला लिथियमची गरज नाही. पडून राहिले तरी फारसे न उतरणारे निकेल मेटल हायड्राइडचे दोन संच घ्या, एक कॅमेऱ्यात, एक चार्जरवर. त्यांचं व्होल्टेज १.२ असतं, आठांचे ९.६ होतात. काही कॅमेरे तेवढ्यावर ‘बॅटरी संपली’ म्हणून रडतात, म्हणून कॅमेऱ्याचं माहितीपत्रक आधी वाचा.

आपला खरा शत्रू दमट हवा. जूनच्या आधी सेल काढून ठेवा. अल्कलाइन गळून स्प्रिंगवर पांढरी पूड जमली असेल तर कापसाच्या काडीवर थोडा शिरका घेऊन पुसा, नंतर स्पिरिटने, आणि पूर्ण सुकू द्या. आणि कॅमेरा कुळागरातच राहू द्या. हद्दीपलीकडे अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय काही बांधायचं नाही.

प्रश्न : सेल फ्रिजमध्ये ठेवले तर जास्त टिकतात का?
— वाचक, डिचोली

उत्तर : अल्कलाइन सेल कपाटात पडून वर्षाला दोन-तीन टक्केच उतरतो. तेवढं वाचवायला फ्रिजमध्ये ठेवाल आणि बाहेर काढल्यावर आपल्या हवेत त्याच्यावर पाणी सुटेल. कपाटातच ठेवा, देवघराच्या दिव्यापासून लांब.