घोड्यावरून पडले, आता रिकिबीत पाय टाकवत नाही

प्रश्न : ताई, मी नागावची, वय ४१. दोन वर्षं इथेच किनाऱ्यावर घोडा शिकत होते, दुडकी, म्हणजे घोड्याची हलकी धाव, छान जमली होती आणि दौडही थोडी थोडी यायला लागली होती. गेल्या डिसेंबरात रविवारच्या गर्दीत मागून एक चारचाकी बाईक जोरात आली, घोडी बुजली आणि मी डाव्या खांद्यावर पडले, कॉलरबोन मोडलं. आता हाड जुळलंय, डॉक्टर बसायला हरकत नाही म्हणतात, पण रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या कडीत, पाय टाकला की पाय लटपटतात. घोडेवाले दादा म्हणतात तेव्हाच लगेच परत बसायला हवं होतं. नवरा म्हणतो सोड आता. मला सोडायचं नाहीये. काय करू?

उत्तर : अगं, आधी ते लगेच परत बसायचं मनातून काढून टाक. मोडलेल्या खांद्याने परत बसली असतीस तर हाडाचं अजून काय झालं असतं कोण जाणे. डोक्याला मार असेल, चक्कर येत असेल, मळमळत असेल तर त्या दिवशी घोड्यावर बसायचंच नसतं, मग कोणी काहीही म्हणो. तू काही चुकवलेलं नाहीस.

मी स्वतः पडले तेव्हा आठ महिने घोड्याजवळ गेले नव्हते. परत बसले तेव्हा सगळे सांगत होते रिलॅक्स हो, आणि मला कळायचं नाही ते करायचं कसं, कारण भीती डोक्यात नव्हतीच, ती गुडघ्यात होती. आपण घाबरलो की श्वास धरतो, गुडघे आवळतो, पुढे झुकतो, त्याने मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, सुटते आणि घोड्याला वाटतं वर बसलेल्या बाईला काहीतरी दिसलंय, पळायला हवं. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी, त्याचे डोळे बाजूला असतात त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं पण अगदी पाठीमागचं दिसत नाही, म्हणून तर मागून आलेल्या गाडीला तुझी घोडी एवढी बुजली. तिने खोडसाळपणा केला नाही.

माझं म्हणणं एवढंच की तू धावण्याचा सराव करू नकोस, थांबण्याचा कर. आपल्याला हवं तेव्हा थांबता येतं हे अंगाला पटलं की बाकीचं आपोआप यायला लागतं.

पहिले दोन-तीन वेळा वर बसूच नकोस. जा, खरारा कर, म्हणजे ब्रशने तिचं अंग घासून दे, लगाम धरून दहा पावलं चालव, थांबव, परत चालव. घोडं तुझ्या शब्दावर थांबतंय हे जमिनीवरून बघ. आणि दर वेळी तेच घोडं माग. जुन्या काळी शिलेदाराचा घोडा स्वतःचा असायचा, बारगिराला सरकारातून मिळायचा, तशी आपण किनाऱ्यावरची माणसं सगळी बारगीरच, पण घोडेवाल्या दादांना स्पष्ट सांगायचं की मला हीच घोडी पाहिजे, ती मोकळी असेल तेव्हाच मी येते. शक्यतो वयाने मोठी, शांत, लाटांना सरावलेली. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्याकडे गाड्या ओढणारी घोडी बघ, रोज पाण्यातून जातात त्यामुळे लाटेचं त्यांना काही वाटत नाही.

मग वर बसशील तेव्हा दोरी दादांच्या हातात, नुसती चाल, दहा पावलं आणि थांब, परत दहा आणि थांब. तोंडाने मोठ्याने काहीतरी म्हणत राहा, शुभंकरोती म्हण नाहीतर बाराचा पाढा म्हण, बोलताना श्वास धरून ठेवता येत नाही. टाचा खाली, नजर घोड्याच्या कानांच्या पलीकडे. उभ्या घोड्यावर एक गोष्ट घोटून घे, एकाच बाजूचा लगाम हळूहळू गुडघ्याकडे घ्यायचा म्हणजे मान वळते आणि घोडं जागच्या जागी गोल फिरून थांबतं. दोन्ही लगाम घट्ट ओढून धरले की काही घोडी उलट जोर लावतात. हे चालीत जमल्यावरच दुडकीत कर. भरधाव घोड्याची मान मात्र झटक्याने कधी वळवायची नाही, दोघंही पडाल. दौडीचं नाव दुडकीचा कंटाळा येईपर्यंत काढू नकोस, मग त्याला दोन महिने लागोत की वर्ष.

वेळ नीट निवड. रविवार नको, मधल्या वारी जा आणि ओहोटीला जा. आपल्याकडे कोळी लोक सांगतात तसं तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं त्यामुळे सकाळी सहाच्या ओहोटीला पाणी खूप आत जातं, रुंद टणक वाळू मिळते आणि किनाऱ्यावर माणूस नसतं. वरच्या कोरड्या वाळूत पाय रुततात, घोडं दमतं, अडखळतं, तिथे नको.

नवऱ्याला एकदा सोबत ने गं. तो काळजीनेच बोलतोय, तू घोडी कशी थांबवतेस ते बघू दे त्याला.

प्रश्न : पडलो तेव्हा हेल्मेट होतं, वरून चांगलं दिसतंय. तेच वापरू का? (दापोली)

उत्तर : नको. आतला फोमचा थर एकदा मार घेतो आणि दबतो, तो परत फुगत नाही, बाहेरून काही कळतही नाही. डोकं आपटलं असेल तर नवीन घ्या, आणि जुनं कुणाला देऊ नका, मोडून टाका.