रोबो म्हणजे बाजारातून सुटलेली शेळी: गोष्टीतून कोडिंग आणि संभाव्यता

ताई, तुमचा प्रश्न मला असा कळला: शाळेला दोन ओझोबॉट (काळ्या रेघेवरून आपोआप चालणारे छोटे रोबो) मिळालेत, पाचवी-सहावीची ३५ मुलं, रेघांवर पळवून झालं की कंटाळतात, आणि गोष्ट जोडून संभाव्यता शिकवली तर या वयाला जड जाईल का. जड अजिबात जात नाही. शब्द दहावीच्या गणित भाग १ मध्ये यायचा तेव्हा येऊ दे, पण "शेळी घरी पोचेल का?" असं विचारलं की सगळा वर्ग एकदम बोलायला लागतो, आपल्याला तेवढंच पाहिजे.

या रोबोची एक खोड माहीतच असेल, रेघेवरून जाताना फाटा आला आणि त्याआधी रंगांचा कोड (रेघेवर रंगीत ठिपके काढून दिलेली आज्ञा, उदा. उजवीकडे वळ) नसला तर तो आपल्या मनानं कुठली तरी वाट धरतो, रँडम. बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी कोड शिकवून ही खोड मोडतात. माझं मत उलटं आहे, आधी काही दिवस कोडचं नावच काढू नका, कारण गोष्ट त्या खोडीतच आहे.

चार्टपेपरवर जाड काळ्या मार्करनं नकाशा काढा. बाजारातून शेळी सुटली. पहिला फाटा इंग्रजी टी सारखा, डावीकडे गेली तर ओढा आणि तिथंच वाट संपली. उजवीकडे गेली की पुढे चौक, तिथं तीन वाटा: घर, कोबीचं शेत, लांडगा. रोबोवर कागदाची शेळी चिकटवा (बाजूनं खाली लोंबू देऊ नका, सेन्सर तळाला असतात). आता सोडायच्या आधी प्रत्येकाकडून लिहून घ्या, ६० वेळा सोडली तर कुठे किती वेळा जाईल. हे लिहून घेणं टाळलंत तर सगळा तास नुसती करमणूक होते, नंतर जो तो "मला माहीतच होतं" म्हणतो.

बहुतेक मुलं लिहितात १५, १५, १५, १५. चार जागा, म्हणून सारखे वाटे. प्रत्यक्षात ओढ्यावर ३० च्या आसपास आणि बाकी तिन्हीकडे १०-१० च्या जवळपास, थोडं इकडेतिकडे. फळ्यावर रेघा वाढत जातात आणि कुणीतरी ओरडतंच, "सर, ही सारखी ओढ्यावरच काय जाते!" तिथं गप्प बसायचं, उत्तर द्यायचं नाही. थोड्या वेळानं एखादी मुलगी उठून नकाशावर बोट ठेवते की अर्ध्या शेळ्या तर पहिल्याच फाट्यावर गेल्या, उरलेल्या अर्ध्यांचे पुढे तीन वाटे. झालं, १/२ गुणिले १/३ म्हणजे १/६, अपूर्णांकांचा गुणाकार फुकटात. आणि मुलं चुकली म्हणून हसू नका, दालांबेरसारखा मोठा फ्रेंच गणिती १७५४ मध्ये नाण्यांच्या बाबतीत हेच करून बसला होता: दोन फेकींत एकदा तरी छापा पडेल का यात तीन शक्यता सारख्याच वजनाच्या धरल्या (पहिल्यांदाच छापा, काटा मग छापा, दोन्ही काटे) आणि उत्तर २/३ काढलं, खरं ३/४ आहे.

मधेच "सलग चार वेळा ओढा झाला, आता घराची पाळी" हे येणारच. वाद घालू नका. ओढ्याच्या चार फेऱ्या ओळीनं आल्या की पाचवी कुठे गेली एवढंच वेगळ्या रंगानं मांडत जा, पाचवीलाही ओढ्याची शक्यता अर्धीच असते हे हळूहळू दिसतं.

कोडिंग यानंतर. आता मुलं शेळीचे गुराखी, त्यांना फक्त एकच रंगकोड द्या, फाट्याआधी कुठेही लावायचा. जवळजवळ सगळे पहिल्या फाट्याआधी उजवीकडचा कोड लावतात, कारण पहिला फाटा आधी येतो. मग घर १/३, पण लांडगाही १/३! तोच एक कोड चौकाआधी घराच्या दिशेचा लावला तर घर १/२ आणि लांडगा शून्य. हे मुलांना मोजून काढू द्या, गोष्टीत जीव अडकलेला असल्यामुळे न सांगता मोजतात. दोन्हीकडे कोड लावले की शेळी दरवेळी घरी, मग मुलं स्वतःच म्हणतात "आता मजा नाही", आणि दुसऱ्या गटासाठी अवघड नकाशा काढायला बसतात.

एक सांभाळा. रेघ बारीक झाली, फाटा तिरका आला किंवा चार्जिंग उतरलं की रोबो चुकतो आणि आकडे एका बाजूला झुकतात. आकडे फारच झुकले तर नकाशा तोच ठेवून चौकातल्या घर आणि लांडगा या पाट्यांची अदलाबदल करा. जास्तीचे आकडे पाटीबरोबर न जाता त्याच वाटेला राहिले तर दोष रेघेचा. रंगकोड उलट्या बाजूनं वाचला गेला तर बऱ्याचदा वेगळीच आज्ञा होते, तेही बघा.

३५ मुलांसाठी दोन नकाशे, दोन गट. प्रत्येक गटात एक सोडणारा, एक मोजणारा, एक गोष्ट बोलणारा, दहा फेऱ्यांनी बदली. गोष्ट बोलणाऱ्याला आधी काहीच माहीत नसतं, शेळी वळली की लगेच पुढचं वाक्य जुळवावं लागतं, त्यामुळे एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. रोबो एकच चालू असेल त्या दिवशी दुसऱ्या गटाला नाणं, फासा आणि एक खडू द्या: पहिल्या फाट्याला नाणं, छापा पडला तर ओढा, काटा पडला तर चौकात फासा, १-२ घर, ३-४ शेत, ५-६ लांडगा. आकडे तेच येतात.