वाचकांचे प्रश्न : टायर फुटू नये म्हणून, आणि फुटलाच तर

प्रश्न : सोलापूर-पुणे रस्त्याने भर उन्हाळ्यात कारने जावे लागते. उन्हात हवा फुगते म्हणून दाब चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचे माप) कमीच ठेवा, असे पंक्चरवाले सांगतात. ते खरे का? आणि टायर फुटलाच तर काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : हवा कमी ठेवू नका. टायर फुटण्याचे मोठे कारण कमी हवा हेच आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, आत उष्णता साठते आणि रबर आतल्या दोऱ्यांपासून सुटू लागते. मग मोहोळ-टेंभुर्णीच्या सरळ पट्ट्यात वेगात असतानाच तो फाटतो. 33 पीएसआयचा टायर तापल्यावर 37-38 दाखवतो. ती वाढ धरूनच टायर बनवतात. चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा पाहून सकाळी थंड टायरमध्ये हवा भरा. तापलेल्या टायरची हवा सोडू नका, थंड झाल्यावर ती कमी पडते. टायरच्या बाजूला फुगा आला असेल, तर नक्षी कितीही शिल्लक असो, टायर बदला.

फुटला तर ब्रेक दाबू नका, हे आधीच मनाशी पक्के करून ठेवा. पुढचा फुटला तर गाडी त्या बाजूला ओढते, मागचा फुटला तर मागची बाजू डोलते. दोन्ही वेळी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ धरा आणि ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा. जोरात ब्रेक मारला की गाडी फिरते. वेग पुरता उतरला की इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या, सगळ्यांना डाव्या दाराने उतरवा आणि कठड्याच्या पलीकडे उभे करा. महामार्गावर मदतीसाठी 1033.

प्रश्न : नायट्रोजन भरला तर हवा तपासायची गरज नाही ना?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आहे. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. पंधरा दिवसांनी तपासाच.

प्रश्न : ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्यावर नेतो. उतारावर मागची ट्रॉली डोलते. गेल्या हंगामात भरल्या ट्रॉलीचा टायर फुटला. काय चुकते?
– एक वाचक, माढा तालुका

उत्तर : आधी भराई पाहा. दोनचाकी ट्रॉलीत ऊस आसाच्या मागे जास्त पडला की दांडी हुक वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते आणि ट्रॉली डोलू लागते. वजन आसावर, किंचित पुढे झुकते हवे. फारच पुढे गेले तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग लागत नाही. दोन्हींत जड असेल ती ट्रॉली ट्रॅक्टरजवळ जोडा.

उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. न्यूट्रल करू नका, मध्येच क्लच दाबू नका. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर मागचे सगळे वजन ट्रॅक्टरला ढकलते. रस्त्यावर ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पेडल लॉकने जोडलेलीच हवीत. एकच दाबले गेले तर ट्रॅक्टर आडवा होतो. हुकाच्या पिनला खालून लॉक घाला आणि प्रत्येक जोडाला सेफ्टी चेन लावा.

टायरचे म्हणाल तर जादा भार आणि उन्हाने चिरलेले रबर ही जोडी घातक. हंगाम संपल्यावर ट्रॉली भरलेली ठेवू नका. आस दगडांवर घेऊन टायर झाका.

भरली ट्रॉली रस्त्यात बसली तर आधी बाकीच्या चाकांना दगड लावा. जॅक आसाखाली, तळाशी जाड फळी. नट जमिनीवरच ढिले करा, मग उचला. चाकाची डिस्क लॉक रिंगची, म्हणजे टायर अडकवून ठेवणाऱ्या सुट्या लोखंडी कडीची असेल, तर चाक काढण्याआधी सगळी हवा सोडा. बसलेल्या टायरमध्ये तसाच कॉम्प्रेसर लावू नका. तो उघडून रिंग नीट बसली का पाहा, आणि भरताना रिंगसमोर कोणीही उभे राहू नये. सुटलेली रिंग जीव घेते. नवे चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि पहिल्या खेपेनंतर पुन्हा तपासा.

निघताना चाकाखालचे दगड रस्त्यावरून उचला. रात्री त्याच दगडावर दुचाकीवाला आपटतो.