सिम सकाळी, चप्पल संध्याकाळी

प्रश्न : ताई नमस्कार. येत्या रविवारी मिस्टरांना सुट्टी आहे म्हणून एकाच दिवसात सगळी खरेदी उरकायचं ठरवलंय. सासूबाईंना चप्पल, मुलाला शाळेचे बूट, आणि आमच्या तिघांचे नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचेत कारण आमच्या गल्लीत आताच्या कंपनीची रेंजच येत नाही, फोन आला की गॅलरीत पळावं लागतंय. मोबाईलवाला म्हणतोय तिघांचं पोस्टपेड करून टाका, ३९९ पासून सुरू आहे. सासूबाईंना शुगर आहे, आणि आयुष्यभर विड्या वळल्यामुळं त्यांचा थंब मशीनवर लागतच नाही. कुठून सुरुवात करू?
– एक सूनबाई, विडी घरकुल

उत्तर : सूनबाई, फोनचं काम सकाळी करा आणि चप्पल संध्याकाळी घ्या, उलटं अजिबात करू नका. दिवसभर चालून, उभं राहून पाय संध्याकाळपर्यंत थोडे सुजतातच, वय झालेल्या माणसाचे तर जास्तच, त्यामुळं सकाळी अकराला नीट बसलेली चप्पल रात्री आठला चावायला लागते. आणि मोबाईलच्या दुकानात सकाळी गर्दी कमी असते, चार प्रश्न विचारता येतात, काही अडलं तर घरी जाऊन कागद आणायला वेळ असतो. संध्याकाळी नवी पेठेत पाय ठेवायला जागा नसते तेव्हा कुणी तुम्हाला प्लॅन समजावून सांगत बसणार नाही.

पण खरी तयारी शनिवारीच करायची. तिन्ही फोनवरून वेगवेगळा मेसेज टाका, इंग्रजीत पोर्ट लिहायचं, एक स्पेस, मग आपला दहा आकडी नंबर, आणि १९०० ला पाठवायचा. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो, तो आपल्याकडं चार दिवस चालतो, तेवढ्यात दुकानात जायचं. कोड आला नाही तर काहीतरी अडचण आहे असं समजा, म्हणजे आताच्या कंपनीत अजून ९० दिवस झाले नसतील, किंवा पोस्टपेडचं बिल थकलं असेल, किंवा सात दिवसांच्या आत सिम बदलून घेतलं असेल. आणि सिम ज्याच्या नावावर आहे तोच माणूस दुकानात लागतो हे विसरू नका, पुष्कळ घरांत आईचा नंबर मुलाच्या नावावर असतो आणि हे काउंटरवर उभं राहिल्यावर कळतं.

एकाच सर्कलमध्ये, म्हणजे फोन कंपन्यांच्या एकाच विभागात, नंबर जायला तीन कामाचे दिवस लागतात. तुम्ही रविवारी अर्ज देणार, म्हणजे मोजायला सोमवारपासून धरा. ज्या दिवशी बदल होईल त्या दिवशी मधे काही तास फोन बंद राहतो, तेव्हा बँकेचा ओटीपी येणार नाही, म्हणून लाईट बिल, गॅस बुकिंग आधीच उरकून घ्या. प्रीपेडमध्ये शिल्लक असलेला बॅलन्स आणि प्लॅनचे उरलेले दिवस नव्या कंपनीत येत नाहीत, तेव्हा परवाच वर्षाचा रिचार्ज मारला असेल तर आधी तो संपू द्या.

आता ते ३९९. चपलेच्या पेटीवरची किंमत सगळे कर धरून असते, पण पोस्टपेडच्या बोर्डावरचं भाडं बहुतेक वेळा कर सोडून असतं. १८ टक्के जीएसटी लागला की ३९९ चे ४७० रुपये ८२ पैसे होतात, आणि तिघांचे वेगवेगळे असले तर महिन्याला चौदाशेच्या वर जाताय. प्रीपेडच्या रिचार्जमध्ये मात्र कर आधीच धरलेला असतो, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करायची तर आधी पोस्टपेडवर कर चढवून घ्या. दुकानदाराला एकच विचारायचं, ‘दर महिन्याला हातात बिल किती रुपयांचं येणार?’ आणि तो जो आकडा सांगेल तो कागदावर लिहून घ्यायचा. फॅमिली प्लॅन असेल तर एक मुख्य नंबर आणि बाकीचे जोड नंबर असतात, जोड नंबरचे पैसे वेगळे आहेत का तेही विचारा.

आणि मला सांगा, सासूबाईंना पोस्टपेड कशाला? त्या फोन उचलतात, लेकीशी बोलतात, नातवाला हाक मारतात, एवढंच ना. ज्यांना नेट लागत नाही त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला रिचार्ज ठेवायलाच पाहिजे असं ट्राय या सरकारी दूरसंचार नियामकानं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलंय, आणि असे पॅक जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंतचे ठेवायला परवानगी आहे. दुकानदार आपण होऊन तो प्लॅन दाखवत नाही, तुम्ही नाव घेऊन मागा, ‘नुसतं व्हॉइसचं दाखवा’ म्हणा. मिस्टर दिवसभर बाहेर असतील, कामाला नेट लागत असेल तर त्यांचं एकट्याचं पोस्टपेड करा, बाकी दोघींचं प्रीपेडच राहू द्या.

आता थंबबद्दल, कारण तुमच्या पत्रातलं हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. तेंदूपत्ता कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून बोटांची टोकं गुळगुळीत होतात, रेषाच राहत नाहीत. सोलापुरात अशा हजारो बायका आहेत. ज्या बोटांनी घर उभं केलं, पोरं शिकवली, त्याच बोटांना मशीन ओळखत नाही आणि वर काउंटरवरचा मुलगा ‘आजी, नीट दाबा की ओ’ म्हणून ओरडतो, हे मला सहन होत नाही. यात आजींची काही चूक नाही हे त्याला आधीच सांगा. थंबशिवाय पण सिम मिळतं, दुकानदारानं त्याच्या ॲपमधून ओळखपत्राचा आणि आजींचा जागेवर फोटो काढायचा आणि ओटीपी घ्यायचा, ओटीपीसाठी घरातला दुसरा चालू फोन जवळ ठेवा. पुढं कधी सवड काढून आधार केंद्रात जाऊन बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे पण अपडेट करून घ्या, रेशनला, पेन्शनला उपयोगी पडेल.

आणि हे फार लक्ष देऊन वाचा. ‘लागला नाही, परत ठेवा’, ‘अजून एकदा’ असं म्हणत म्हणत बोट पाच पाच वेळा ठेवून घेतात, त्यात एखादा लबाड माणूस त्याच आधारवर दुसरं सिम काढून विकतो, आणि ते सिम फसवणुकीत सापडलं की पोलीस आजींच्या दारात येतात. म्हणून दुसऱ्यांदा बोट ठेवायच्या आधी स्क्रीन आपल्याकडं वळवून घ्यायची, पहिलं का फेल झालं ते बघायचं. सिम चालू झालं की संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो नंबर टाकून ओटीपी द्या, आजींच्या नावावर किती नंबर आहेत ते सगळे दिसतात, ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथंच ‘हा माझा नाही’ म्हणून कळवता येतं. मिस्टरांचं आणि तुमचं पण बघून घ्या.

मधल्या वेळात घरी जाऊन जेवा, आजींना पडू द्या. उन्हाळा असेल तर सोलापुरात दुपारी एक ते चार शुगरच्या माणसाला घेऊन बाजारात फिरायचंच नाही.

चपलेचं आता. निघायच्या आधी एक काम करा, पुठ्ठ्यावर आजींना उभं करा, बसवून नाही, उभं राहिलं की पाऊल पसरतं, आणि पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पायांची आखणी करा. दोन्ही पाय सारखे नसतात, बहुतेकांचा एक थोडा मोठा असतो, माप मोठ्या पायाचं घ्यायचं. तो पुठ्ठा कापून दुकानात न्यायचा आणि चपलेवर ठेवून बघायचा, पुठ्ठा कुठूनही बाहेर डोकावला तर ती चप्पल नको, कितीही मऊ लागू दे. आपल्याकडच्या नंबरात एका नंबरचा फरक म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटर असतो, त्यामुळं ‘एक नंबर लहान आहे, वापरून सैल होईल’ हे शुगरवाल्या पायासाठी कधीच मान्य करू नका.

शुगरमध्ये पायाची जाणीव कमी होते, चप्पल चावली तरी कळत नाही, कळतं तेव्हा जखम चिघळलेली असते. म्हणून अंगठ्यात अडकवायची चप्पल नको, मागं पट्टा असलेली, वरून वेल्क्रोनं सैल-घट्ट करता येणारी, आतून शिवण टोचत नाही अशी बघा. एमसीआर चप्पल म्हणून विचारा, मऊ रबराच्या तळाची असते. हात आत घालून बोटांनी सगळीकडं फिरवून बघा, खिळ्याचं टोक, गोंदाचा खडा काही आहे का. घरी आणल्यावर पहिले काही दिवस रोज तासभरच घालायला द्या आणि काढल्यावर तळवे, बोटांमधली जागा तुम्ही स्वतः उजेडात बघा. पाय बधिर वाटतो असं त्या म्हणत असतील तर खरेदीच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

मुलाच्या बुटाचं सोपं आहे, शाळेचे मोजे घालूनच ट्राय करायचा आणि सगळ्यात लांब बोटाच्या पुढं तुमच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे.

प्रश्न : नवे बूट घेतले, अठरा दिवसांत सोल निघालं. दुकानदार पावतीवर बोट ठेवतो, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय म्हणतो. आता काय करायचं?
– होटगी रोड

उत्तर : ते छापलेलं वाक्य बिघडलेल्या मालाला लागू होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे, पावतीवर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नाहीतर ३० दिवसांच्या आत, दोष असलेला माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. तुमचे अठराच दिवस झालेत, तेव्हा आजच निघा. बुटाचा फोटो, पावतीचा फोटो काढून ठेवा आणि दुकानदाराला लेखी द्या, व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी चालेल पण तारीख दिसली पाहिजे. नाही ऐकलं तर १९१५ वर फोन करा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. तिथूनही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असं पण नाही.

रंग आवडला नाही, घरी गेल्यावर घट्ट वाटला, याला मात्र हा कायदा चालत नाही, ते दुकानदाराच्या मर्जीवर असतं.

आणि सेलमध्ये बूट घेताना पेटीवरचा तयार केल्याचा महिना-वर्ष बघत जा. पीयू (पॉलियुरेथेन) सोलचे बूट नुसते पेटीत पडून राहिले तरी हवेतल्या ओलाव्यानं तो सोल आतून खराब होत जातो, आणि काही वर्षांनी पायात घातल्यावर भुगा होतो. लग्नासाठी घेऊन कपाटात जपून ठेवलेल्या बुटाचं हेच होतं. बिल न घेता घेतलेल्या मालावर तर भांडणार कशाच्या जोरावर? बिल मागून न देणं ही पण कायद्यानं अनुचित प्रथाच आहे, तेव्हा मागायला लाजू नका.

प्रश्न : मावशी, मला संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला जाताना घालायला कोल्हापुरी घ्यायची आहे. मैत्रीण म्हणते कोल्हापूरलाच जाऊन घे, इथं सगळं डुप्लिकेट मिळतं. खरं आहे का?
– कॉलेजची एक मुलगी, जुळे सोलापूर

उत्तर : नाही गं, कोल्हापूरला जायची काही गरज नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत, कोल्हापूर, सांगली, सातारा आणि आपलं सोलापूर, आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या कारागिरानं केलेली कोल्हापुरी तितकीच खरी आहे, आणि त्याच्याकडून घेतलीस तर मला जास्त आनंद होईल.

ओळखायची कशी, तर कडा बघ. खऱ्या कातड्याची कापलेली कड एकसारखी, थोडी तंतुमय दिसते, रेक्झिन असेल तर कडेला खालचं कापडाचं अस्तर दिसतंच. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं, त्याचा वास वेगळा येतो, प्लास्टिकसारखा नाही. वेणी आणि शिवण कातडी वादीची आहे का ते बघ. पहिले काही दिवस चावणारच, म्हणून संक्रांतीच्या आदल्या दिवशी नको, दोन-तीन आठवडे आधी घे, पट्ट्यांना आतून तेलाचं बोट लाव आणि घरात घालून फिर. पाण्यात नेऊ नकोस, भिजली तर सावलीत वाळव, उन्हात ठेवलीस तर कडक होऊन तडकेल. आणि पेटीवरच्या एमआरपीच्या वर ‘जीएसटी वेगळा’ असं कुणी म्हटलं तर देऊ नकोस, एमआरपीत कर धरलेलाच असतो.

प्रश्न : वडील गेले. त्यांच्या नावावरचा नंबर आई वापरते, बँकेला पण तोच जोडलेला आहे. तो आम्हाला दुसऱ्या कंपनीत न्यायचा आहे, दुकानदार म्हणतो होत नाही.
– लष्कर

उत्तर : दुकानदार बरोबर सांगतोय, थेट पोर्ट होणार नाही, कारण ज्यांच्या नावावर आहे ते हयात नाहीत. आधी त्याच कंपनीच्या गॅलरीत जाऊन नंबर आईंच्या नावावर करून घ्या, मृत्यू दाखला आणि आईंचं ओळखपत्र तर लागतंच, बाकीच्या वारसांची संमती मागितली तर तीही द्यावी लागेल, म्हणून जायच्या आधी फोन करून कागदांची यादी विचारा. नाव बदलायचं काम चालू असताना पोर्टचा अर्ज टाकू नका, तो फेटाळला जातो. नाव झालं की मग कोड मागवा.

तोपर्यंत नंबर बंद पडू देऊ नका, रिचार्ज चालू ठेवा आणि अधूनमधून त्यावरून फोन करा, कारण सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर कंपनी काढून घेऊ शकते आणि पुढं तो दुसऱ्याला दिला जातो. बँकेत मात्र पोर्टची वाट न बघता या आठवड्यातच जा आणि आईंच्या खात्याला तुमचा किंवा त्यांचा स्वतःचा नंबर जोडून घ्या.