क्रेन नाही, लोखंड नाही, मग इजिप्तच्या लोकांनी पिरॅमिड बांधले कसे? एलियन आले होते का?

एलियनना मुकादम लागला नसता. इथे तर मुकादमाची डायरीच सापडली आहे. 2013 साली तांबड्या समुद्राकाठी, वादी अल-जर्फला, फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या पथकाला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाचे, तुकडे मिळाले. लिहिणारा मेरेर, हाताखाली चाळीसेक माणसं. तुराच्या खाणीतला पांढरा चुनखडक बोटीत भरायचा आणि नाईलमार्गे गिझाला, खुफू राजाच्या पिरॅमिडपाशी उतरवायचा, हे त्यांचं काम. नोंदी अगदी रुक्ष: आज दगड भरले, तुरात मुक्काम, आज निघालो, वाटेत मुक्काम, आज पोचलो. दहा दिवसांत अशा दोन-तीन खेपा.

हा दगड बाहेरच्या गुळगुळीत आवरणाचा. आतला बहुतेक सगळा माल गिझाच्याच पठारावर काढलेला, हे एलियनचे फॉरवर्ड पाठवणारे कधी सांगत नाहीत. खरोखर लांबून, सुमारे 800 किलोमीटरवरच्या अस्वानहून, आला तो राजाच्या दालनाचा ग्रॅनाइट. तोही नदीनेच.

खुफूच्या पिरॅमिडचे एकूण चिरे सुमारे 23 लाख, सरासरी वजन अडीच टन. वीस वर्षं आणि रोज दहा तास धरले, तर दर दोन मिनिटांना एक चिरा बसतो. ऐकून छाती दडपते, पण टोळ्या एकाच वेळी अनेक राबत होत्या. चिरे ओढायला लाकडी घसरगाड्या. नंतरच्या काळातल्या जेहुतीहोतेप या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यात एक चित्र आहे: माणसांच्या रांगा दोरांनी भलामोठा पुतळा ओढताहेत आणि गाडीच्या तोंडाशी उभा एक जण वाळूवर पाणी ओततोय. बरीच वर्षं हा पूजेचा भाग समजला जाई. 2014 मध्ये ॲमस्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की बेताची ओली वाळू असली की जोर निम्माच लागतो.

वर चढवायला उतार. गिझाला तो सरळ होता की वळणावळणाचा, यावर अभ्यासकांची अजून जुंपते. पण हतनूबच्या खाणीत खुफूच्याच काळातला एक चांगलाच उभा उतार 2018 मध्ये उजेडात आला. दोन्ही बाजूंना पायऱ्या, कडेला खांबांची भोकं. खांबाला दोर घालून ओढत असणार.

आणि हे पहिल्या फटक्यात जमलेलं नाही. खुफूचा बाप स्नेफेरू याचा दहशूरचा पिरॅमिड चढता चढता तडकू लागला, म्हणून निम्म्यावर कल 54 अंशांवरून 43 वर आणावा लागला. तो वाकडेपणा आजही दिसतो. जवळचाच लाल पिरॅमिड मग त्यांनी तळापासूनच 43 अंशांत चढवला.