चिंबोरी लघवी कुठून करते?

प्रश्न : दिवाळे कोळीवाड्यातून आणलेल्या चिंबोऱ्या रात्रभर बादलीत नळाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या. सकाळी दोन मेलेल्या. त्यांच्या लघवीनेच पाणी विषारी झालं, असं घरचे म्हणतात. खेकड्याला मूत्रपिंड असतं का? (वाचक, बेलापूर)

उत्तर : असतं, आणि तेही डोक्यात. डोळ्यांजवळ मिशांच्या दोन जोड्या दिसतात. त्यातल्या दुसऱ्या जोडीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक ग्रंथी असते. लघवीचं भोकही तिथेच, हलत्या झाकणीखाली.

ग्रंथीच्या टोकाला एक बारीक पिशवी असते. हृदयाच्या दाबाने रक्त तिच्या भिंतीतून गाळलं जातं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मागे राहतात. पाणी, क्षार, ग्लुकोज, अमिनो आम्लं आत उतरतात. पुढच्या स्पंजासारख्या नागमोडी भागात ग्लुकोज आणि अमिनो आम्लं परत शोषली जातात, तर नको असलेलं मॅग्नेशियम लघवीत टाकलं जातं. हे काम मोलाचं आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतं, आणि ते रक्तात साचलं तर खेकडा सुस्तावतो. शेवटी मूत्राशय, तिथेही थोडी देवाणघेवाण चालूच असते.

आता बादलीकडे. खेकड्याचा नायट्रोजनयुक्त कचरा म्हणजे मुख्यतः अमोनिया, आणि तो बहुतांशी कल्ल्यांतून थेट पाण्यात जातो. लघवीचा त्यात वाटा किरकोळ, तेव्हा तिला दोष देऊ नका. साचलेल्या थोड्या पाण्यात कल्ल्यांतून सुटलेला अमोनिया वाढत जातो आणि त्याच वेळी प्राणवायू संपत जातो. बहुधा यानेच घात केला.

त्यात नळाचं पाणी. रक्त खारट आणि बाहेर गोडं पाणी, त्यामुळे पाणी अंगात शिरत राहतं. मूत्रपिंड ते उपसतं खरं, पण चिंबोरीची लघवी जवळजवळ रक्ताइतकीच खारट असते. पाण्याबरोबर मीठही जातं, आणि ते कल्ल्यांना बाहेरच्या पाण्यातून ओढून भरून काढावं लागतं. पावसाळ्यात ठाणे खाडीचं पाणी कमी खारट होत जातं तेव्हा चिंबोरी हेच करून तगते, पण तिथे बदल हळूहळू होतो. खाडीतून एकदम नळाच्या पाण्यात, तेही क्लोरीनसकट, हे भलतंच.

चिंबोऱ्या पाण्यात बुडवूच नका. नांग्या बांधून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, हवा खेळेल अशा टोपलीत सावलीत ठेवा आणि गोणपाट सुकू देऊ नका. कल्ले ओले असले की ती हवेतूनही प्राणवायू घेते. अमोनिया मात्र पाण्याबाहेर नीट निघत नाही, तो अंगात साचतो. म्हणून फार दिवस ठेवू नका. कधी मेली ते कळत नसेल तर ती चिंबोरी कालवणात घालू नका.

प्रश्न : कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा म्हणजे मूत्रनलिकाच ना? (वाचक, कोपरी)

उत्तर : नाही, ते आतडं. आतलं काळं म्हणजे खाल्लेलं अन्न आणि विष्ठा. मूत्रपिंड डोक्याबरोबर आधीच मोडून टाकलेलं असतं.

प्रश्न : प्रॅक्टिकलला कोळंबीत ‘ग्रीन ग्लँड’, म्हणजे तिचं मूत्रपिंड, सापडतच नाही. (विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : हिरवं शोधताय म्हणून. हिरवी असते क्रेफिशची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या, नांग्या असलेल्या तिच्या जातभाईची. तिच्यात एक जास्तीची लांब नळी असते, तिथे क्षार परत शोषले जातात आणि लघवी रक्ताच्या साधारण एक दशांश इतकीच खारट उरते. तुमच्या ट्रेमधल्या कोळंबीची ग्रंथी पांढरट, अपारदर्शक, मोठ्या कोळंबीत वाटाण्याएवढी असते आणि मिशीच्या पहिल्या सांध्याच्या आत दडलेली असते. तो सांधा कडेने कापून उघडा. पाठीचं कवच मात्र ओढून काढू नका. त्याच्या लगेच खाली, जठरावर, मूत्राची पातळ पारदर्शक पिशवी पसरलेली असते आणि ती कवचाबरोबर फाटून येते. कात्रीचं टोक वर ठेवून कवच कडेने कापा, चिमट्याने अलगद उचला, आणि हे सगळं पाण्याखाली करा. पिशवी तरंगली की दिसते.