आधी कपाटाचं कुलूप काढ

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

वाचनालयाचा बालविभाग तुझ्याकडे आला, फार आनंद झाला. मुलांना वाचनाकडे कसं वळवू, असं विचारलंस. आधी त्यांना खेळू दे. आणि खेळ म्हणजे पुस्तकापर्यंत आणायचं आमिष, असं समजू नकोस. खेळता खेळता ती जे शोधतात, मोजतात, भांडून ठरवतात, तेच त्यांचं शिकणं.

आपले थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन १९२४ साली लंडनला गेले, तेव्हा तिथल्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. पट्ट्या त्याच, स्क्रू तेच, जोडणी बदलली की वस्तू नवी. १९३३ सालच्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाची, म्हणजे विषयाचे सुटे भाग जोडून पुस्तकाचा क्रमांक बनवायच्या पद्धतीची, कल्पना त्यांना त्यावरून सुचली. आपल्या देशाच्या ग्रंथालयशास्त्राचा एवढा मोठा विचार एका खेळण्यापाशी सुरू झाला, हे तुझ्या कार्यकारिणीला जरूर सांग.

कपाटाचं कुलूप पहिल्याच दिवशी काढ. काचेआडचं पुस्तक मागायचं तर मुलाला त्याचं नाव आधीच माहीत असावं लागतं, आणि ते नेमकं त्याला माहीत नसतं. चित्रांची पुस्तकं खालच्या फळीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेव. एक सतरंजी अंथर.

तुमच्या पुस्तकांवरचे वर्गीकरणाचे आकडे ड्युईच्या दशांश पद्धतीचे असतील (तीत प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा असतो), तर त्यांचाच खेळ होतो. पक्षी ५९८ मध्ये, ग्रहतारे ५२३ मध्ये, खाद्यपदार्थ ६४१ मध्ये. चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून द्यायचा. तिथे काय दडलंय ते मुलांनी हुडकायचं. मग उलटं विचार : क्रिकेट कुठे असेल? मुलं वाद घालतील. घालू दे, ७९६ लगेच सांगून टाकू नकोस.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी घरोघरी पोचवलेला काड्यांचा खेळही ठेव. गुल काढलेल्या आगकाड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडायच्या. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. असं का, हे ज्याला छळेल त्याला पूल कसे बांधतात त्या पुस्तकांपाशी ६२४ वर ने. ज्याला छळणार नाही त्याला खेळू दे. त्याचीही संध्याकाळ वाया गेलेली नाही.

गोंगाटाची तक्रार येईल. वाचनकक्षातले ज्येष्ठ वाचकही आपलेच आहेत, म्हणून खेळाची वेळ ठरवून फलकावर लिही.

पुस्तकं फाटतील, वार्षिक पडताळणीत एखादं कमी भरेल. त्या भीतीपोटी कुलूप पुन्हा लावू नकोस. फाटलेली बाजूला काढ आणि महिन्यातून एकदा मुलांनाच दुरुस्तीला बसव : सुटलेली पानं लावणं, पुठ्ठा चिकटवणं, नवं कव्हर घालणं. मैद्याची खळ ताजी शिजव आणि त्याच दिवशी संपव. कसर लागू नये म्हणून बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, ते विषारी असतं. मुलांच्या खळीत ते अजिबात नको.

तुझा,
काका